शिंगाड्यांचे दिवस

कार्तिक लागला की चंद्रपूरच्या बसस्टँडबाहेर शिंगाडेवाल्या बाया येऊन बसतात. ओल्या पोत्यावर एकीकडे उकडलेले, काळे पडलेले शिंगाडे आणि एकीकडे कच्चे, हिरवे. उकडलेल्यांची वाफ निघत असते आणि त्या वाफेला तळ्याचा वास असतो. गाळाचा, वेलाच्या कुजक्या पानांचा, थोडासा माशांचाही. गाड्यांचा धूर, भजी-समोशांच्या तेलाचा वास, कोळशाची बारीक धूळ, या सगळ्यांतून तो वास मला बरोबर शोधून काढतो. मी थांबते, थोडे घेते, कागदाची पुडी पर्समध्ये ठेवते. खाणं मात्र होत नाही. संध्याकाळी पुडी उघडली की सालं सुकून सुरकुतलेली असतात, आणि मी ती पुन्हा मिटून ठेवते.

शिंगाड्याला दोन्ही बाजूंनी शिंगं असतात आणि त्यांच्या टोकाला काटा. फळ ताजं असताना काटा मऊ असतो. पण जी फळं तोडायची राहून जातात ती पिकून देठातून सुटतात आणि तळाच्या गाळात जाऊन बसतात. तिथे काळी होतात, वाळल्या लाकडासारखी कडक होतात. वर पाणी शांत असतं, वेलाची पानं पसरलेली असतात, त्यांच्यावरून पाणकोंबड्या चालतात, आणि खाली हे काटे तोंड वर करून पडलेले असतात. माझा मामा आयुष्यभर त्या गाळात चालला.

मामाचं गाव कुरखेड्यापासून आत, जंगलाला लागून. गावाएवढाच मोठा तलाव. आम्ही धिवर, मासेमार, त्यामुळे आमच्या घरांची दारं तलावाकडे. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा मला फोटोतूनच माहीत आहे. मामा सायकलवर आला आणि मला दांडीवर बसवून घेऊन गेला, एवढं आठवतं. मला रुतू नये म्हणून त्यानं दांडीला आपला दुपट्टा गुंडाळला होता. त्याला आणि मामीला मूल नव्हतं. त्यानंतर माझं घर तेच.

आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही. मामाच भाचीच्या पाया पडतो. सणाला, परीक्षेला जाताना, गावाहून परत येताना, मी दारात उभी राहायची आणि तो उघडाबंब, कमरेचा पंचा ओला, वाकून माझ्या पायांना हात लावून तो कपाळाला न्यायचा. त्याच्या हाताचं पाणी माझ्या पायांवर राहायचं. दुसऱ्या मुलखातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना नवल वाटतं. मला लहानपणी त्यांचं नवल वाटायचं. मोठ्या माणसाच्या पाया पडायचं असतं हे मी शाळेत शिकले. आणि मामाच्या पायाला चुकून माझा हात लागला तर तो दचकून पाय मागे घ्यायचा, जणू मीच काहीतरी देवघरातलं सांडलं.

पण तो कर्मठ नव्हता. त्याचा धर्म मासेमाराचा होता, त्याला जाळ्यासारखी भोकं होती आणि त्यांतून त्याला सोयीचं ते सगळं निसटून जायचं. श्रावणातल्या सोमवारी तो मासा खायचा नाही. पण दुपारी मामीपुढे वाटी सरकवायचा.

“सोमवार आहे ना तुमचा?” मामी विचारायची.

“मासा कोन खाऊन राह्यला? रस्सा घेऊन राह्यलो. रश्श्यात मासा कुठी आहे, दाखव.”

“दाखवू का मुंडकं काढून?”

“ते तुह्या वाटीत घे ना. तुले कुठी सोमवार आहे?”

बारावीनंतर मी नर्सिंगच्या पदवीसाठी अर्ज केला तेव्हा खरं तर मला ग्रंथपाल व्हायचं होतं. शाळेच्या कपाटातली पुस्तकं संपवलेली मुलगी मी. माणसांत बसले तरी कोपऱ्यात बसणारी. पण कुरखेड्याच्या दवाखान्यात एक सिस्टर होत्या, त्यांना मामा फार मानायचा. त्या येता-जाता पुस्तक वाचायच्या, असं त्यानं मला सांगितलं, आणि तेवढं मला पुरलं. मामीला शंका होती.

“इंजेक्शनच तं देते नर्स. त्याले चार वर्षं काऊन लागते?”

“चार वर्षं शिकलेलीचं दुखत नसन,” मामा म्हणाला.

गावात मोबाइलला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर. प्रवेशाची यादी लागायची होती त्या दिवसांत मी रोज पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली उभी राहायची. मामा खाली डोंग्यात बसून शिंगाड्याचे वेल सारखे करत असायचा. एका लाकडातून कोरलेला तो डोंगा इतका अरुंद की त्यात शिंकतानाही जपून शिंकावं लागतं.

“लागला का नंबर?” त्यानं पाण्यातून विचारलं.

“अजून उघडून राह्यलं मामा. चाक फिरून राह्यलं.”

“चाक फिरते म्हंजे गाडी येऊन राह्यली.”

आणि मग एकदम नाव दिसलं. माझं नाव, कॉलेजचं नाव, चंद्रपूर. मी काय ओरडले मला आठवत नाही. मामा मात्र डोंग्यात उभा राहिला. डोंग्यात उभं राहायचं नसतं हे आमच्याकडे चालता येणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. डोंगा उलटला. थोडा वेळ नुसती पानं हलत राहिली, आणि मग तो वर आला, गळ्यात वेल, डोक्यावर शेवाळ, आणि हसतोय.

घरी मामी म्हणाली, “नंबर लागला भाचीचा, अन् आंघोळ झाली मामाची.”

मी निघाले त्या दिवशी बसच्या दारात तो वाकला. मागे माणसं खोळंबली होती. कंडक्टर म्हणाला, “मामा, आवरा, देवीले गाडीत बसू द्या.” मामानं घाई केली नाही.

नर्सिंगचा अभ्यास हा वाचण्याचा अभ्यास असेल अशी माझी समजूत होती. पुस्तकं होतीही. शरीरशास्त्राचं पुस्तक उशीएवढं, आणि सगळं इंग्रजीत. एका हाताशी शब्दकोश ठेवून मी पानामागून पान उलगडत गेले, ते मला जमलं. जमत नव्हतं ते हात लावणं. पलंगाची चादर सुरकुती न पडता घालायला शिकले, रबरी पुतळ्याला आंघोळ घालायला शिकले. पण वॉर्डात पहिल्यांदा जिवंत माणसाचं अंग पुसायची वेळ आली तेव्हा मी ओला टॉवेल घेऊन नुसती उभी राहिले. मुलचेऱ्याकडची एक बंगाली म्हातारी होती. तिला माझं मराठी कळत नव्हतं, मला तिची बंगाली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चादरीतून आपले पाय हळूच बाहेर काढले. जणू म्हणत होती, इथून सुरू कर. मी पायांपासून सुरू केलं. टाचांच्या भेगा, घोट्यांचे खळगे, बोटांच्या मधली जागा. पुसून झाल्यावर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर मी किती पाय धुतले असतील. शेतकऱ्यांचे, ट्रक ड्रायव्हरांचे, तेंदूपानं तोडणाऱ्या बायांचे, खाणीत काम करणाऱ्यांचे. पायांवरून माणूस कुठून आला ते मला सांगता येऊ लागलं. आमच्या मॅडम सांगायच्या, शुगरच्या पेशंटला पाय दुखतो का, असं विचारत बसू नका. त्याला कळणारच नाही. चादर बाजूला करा आणि बघा. हे वाक्य मी वहीत उतरवून त्याखाली रेघ मारली. मामाला शुगर निघाल्याचं आदल्या वर्षी समजलं होतं. गोळ्या देव्हाऱ्यातल्या दिव्याशेजारी असायच्या आणि दिवा लावताना आठवण झाली तर पोटात जायच्या.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत मी घरी आले तेव्हा शिंगाड्यांचा हंगाम भरात होता. तो हंगाम माझ्यासाठी अजून सरलेला नाही. अंगणात चुलीवर मोठा गंज, त्यात शिंगाडे खदखदत असलेले. शेतांत हलक्या, लवकर येणाऱ्या धानाची कापणी संपलेली, तणसाचा कोरडा गोड वास. रस्त्यावरून नाटकाच्या जाहिरातीची गाडी भोंगा वाजवत जायची, वडशाची मंडळी येणार, अमुक गावी तमुक नाटक, आणि मामी हातातलं काम ठेवून गाडी दिसेनाशी होईपर्यंत ऐकत राहायची. शेजारच्या बाया शिंगाडे सोलायला यायच्या. उकडलेला शिंगाडा सोलून, वाळवून त्याचं उपासाचं पीठ होतं, त्याला चांगली मागणी असते. पण सोलताना बोटं काळी पडतात आणि तो रंग आठवडेच्या आठवडे जात नाही.

मी प्रात्यक्षिकासाठी घेतलेला हातमोज्यांचा डबा बॅगेत होता. मामीनं तो पाहिला.

“हे काय वो, फुगे?”

मी तिला घालून दाखवले. तिनं घातले, बोटं हलवून पाहिली, आणि सरळ जाऊन शिंगाडे सोलायला बसली. मग शेजारणींनाही पाहिजे झाले. पूर्ण सुट्टीभर आमच्या अंगणात पांढऱ्या रबरी हातांच्या बाया गोल करून बसलेल्या असायच्या आणि एकमेकींना ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून हसायच्या.

अशाच एका सकाळी सारवलेल्या पडवीत मला मामाची ओली पावलं दिसली. तलावाहून आला की उमटायची तशीच. पण उजव्या पावलाच्या अंगठ्यापाशी पाण्यात तांबूसपणा होता.

“मामा, पाय दाखव.”

“काऊन?”

“दाखव तं.”

तो खाटेवर बसला आणि उजवा पाय मांडीखाली घेतला. “शिंगाड्याचा काटा असन. नेहमीचंच आहे. दुखतही नाई.”

“दुखत नाई म्हणूनच पाहू दे.”

तो हसला. “ऐकलं काय वो?” त्यानं मामीला हाक मारली. “दुखलं तं दवाखाना, नाई दुखलं तरी दवाखाना. कॉलेजात असंच शिकवते काय?”

मी बादलीत कोमट पाणी घेतलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, शिकवलं होतं तसे, बोटांच्या मधून, नखांच्या खालून. आणि ते उघडे, ओले हात घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसले. माझ्या मनात होतं की परक्यांच्या पायांना मी जे केलं ते त्याच्या पायाला करायचं, आणि त्याहून हळुवार करायचं. तो खाटेवर मागे मागे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली घाबरलेली कळा आली.

“लाऊ नको बाई. हात लाऊ नको. मले पाप लागते.”

“मी नर्स होऊन राह्यली मामा.”

“दुनियेची हो. माही भाचीच राय.”

मग मामीनं पाय धुतला. मी लांब उभी राहून सांगत होते, अंगठ्याखाली बघ, दाबून बघ, काही निघतं का. मामीला कमी दिसायचं. “काई नाई वो, एवढुसं भोक आहे,” ती म्हणाली आणि हळद दाबली. मी दवाखान्यात चल म्हणाले. तो म्हणाला, एवढे शिंगाडे होऊ दे, मग जाऊ. मी पुन्हा पुन्हा म्हणाले, आणि तो पुन्हा पुन्हा हो म्हणाला. तो नाही कधी म्हणतच नसे. सुट्टी संपली. बसच्या दारात तो वाकला तेव्हा उजवा पाय जरा तिरका ठेवून वाकला, हे माझ्या लक्षात आलं.

फोनवर मामी सांगायची, बरं आहे. मग सांगायला लागली, ताप येऊन जातो. मग एक दिवस त्याला गडचिरोलीला नेल्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत काळवंडला होता आणि विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टर, सिस्टर सगळे धडपडत होते. ड्रेसिंग बदलायला दोघी आल्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांचे हात सराईत होते. मी उशाशी उभी होते. तो शुद्धीवर नव्हता, मला कोणी अडवलंही नव्हतं, पण मी उशाशीच उभी राहिले. तिथून पाय फार लांब दिसत होते.

अंगणात त्याला ठेवलं तेव्हा सगळं गाव एकेक करून पायाशी वाकत होतं. मीही पुढे झाले. एका म्हाताऱ्या बाईनं माझा दंड धरला. रागानं नव्हे, मायेनं. “तू नाई, बाई. तू डोक्याकडे राय. तू वाकली तं त्याले जड जाईन.” मी डोक्याकडे गेले आणि तोंडात पाणी घातलं.

त्या वर्षीच्या परीक्षेत शुगरच्या रुग्णाच्या पायांची निगा, असा मोठा प्रश्न आला होता. मी तो सविस्तर लिहिला, आकृतीसह. त्या विषयात मला चांगले गुण मिळाले.

पदवी झाली. आता मी एका कॉलेजात शिकवते, विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात जाते. चादर बाजूला करा आणि बघा, हे वाक्य आता मी सांगते आणि मुली वहीत उतरवतात. मामी एकटी राहते. तिला इकडे ये म्हटलं की म्हणते, “तिथी तलाव आहे का?” शिंगाडे आता दुसरे लोक लावतात.

गेल्या आठवड्यात वॉर्डात वडशाकडचे एक आजोबा होते. शुगर, तळपायाला जखम. ड्रेसिंगला मी प्रांजलीला उभं केलं. ती कुरखेड्याच्या बाजूची, बडबडी, हात चांगला असलेली मुलगी. तिनं ट्रे मांडला, हातमोजे घातले. आजोबांनी सहज विचारलं, “कोन्या गावची वो तू?”

तिनं गाव सांगितलं.

“अरे! माही बहीण तं तिथीच देली आहे.” आजोबा खुलले. बहिणीच्या घरधन्याचं नाव सांगितलं, ते प्रांजलीच्या ओळखीचं निघालं. आणि मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. “मंग तू भाची झाली ना माही,” असं म्हणून त्यांनी पाय चादरीत ओढून घेतला.

प्रांजलीनं माझ्याकडे पाहिलं. एखाद्या ब्रदरला, पुरुष नर्सला बोलवू, एवढंच मला सुचत होतं. तेवढ्यात तिनं आपला हात आजोबांच्या डोळ्यांपुढे धरला.

“आबाजी, हे काय आहे?”

“हात.”

“हात आत आहे. वरतून रबर आहे. माहा हात तुमच्या पायाले लागूनच नाई राह्यला, रबर लागून राह्यला. अन् रबर कोनाची भाची आहे?”

शेजारच्या पलंगावरचा माणूस हसला. आजोबांनी मात्र त्यावर नीट विचार केला. हातमोज्याला बोटानं टोचून पाहिलं. “हे बी बरोबर आहे,” असं म्हणाले आणि पाय बाहेर काढला.

जखम खोल होती, पण वेळेत आली होती. प्रांजली खाली वाकून, मन लावून ती धूत होती. मी पलंगाचा लोखंडी कठडा धरून उभी होते आणि माझ्या कानात एकच वाक्य फिरत होतं. रश्श्यात मासा कुठी आहे, दाखव. मामाला हे पटलं असतं. लगेच पटलं असतं, मामीला हाक मारून त्यानं ते दोनदा सांगितलंही असतं. असल्या पळवाटा त्यानंच तर मला ऐकवल्या होत्या, वाटी पुढे सरकवत.

मामाच्या पायाशी बसले त्या सकाळी हातमोजे मला आठवले नव्हते असं नाही. आठवले होते. पण घरच्या माणसाला रबर घालून हात लावायचा, हे मला परकं वाटलं. त्याला वाटेल, भाचीला माझी किळस येते. म्हणून मी हात उघडेच ठेवले. ते उघडे होते म्हणूनच त्याला चालले नाहीत. ही गोष्ट मी आता कोणाला सांगू? मामीला सांगितली तर त्या हातमोज्यांनी सोललेले शिंगाडे ती आयुष्यभर मोजत बसेल.

काल पुन्हा बसस्टँडवरून येताना पुडी घेतली. एक शिंगाडा सोलला. बोट काळं झालं, अजून आहे. आणि त्या सुट्टीतलं एक दुपारचं अंगण जसंच्या तसं समोर आलं. सोलणं संपलेलं. मामीनं हातमोजे धुऊन दोरीवर ओळीनं वाळत घातलेले. तलावावरून वारा आला की त्यांत शिरायचा आणि बोटं फुगून हलायला लागायची. त्यांच्या खाली खाटेवर मामा बसला होता, उजवा पाय मांडीखाली घेऊन. वर बघून म्हणाला, “काहो बाई, एवढे हात रिकामे काऊन लटकून राह्यले?”

आम्ही सगळे हसलो होतो.